शेवटचा मुखडा चढत का नव्हता

पहिली दोन वर्षं माझ्या प्रत्येक गाण्यावर एकच शेरा यायचा: चाल चांगली आहे, पण गाणं चढत नाही. मग मी शेवटच्या मुखड्यात भर घालत राहायचे. आधी ढोलक, मग टाळ, मग कोरस. गाणं जागचं हलायचं नाही.

नव्याने चाली बांधणारे बरेच जण इथेच अडकतात, म्हणून नीट सांगते. मी मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर, लिमिटर ठेवूनच काम करायचे. लिमिटर म्हणजे आवाजावरचं छत, आणि माझा अंतराच त्या छताला टेकलेला असायचा. पुढे मुखड्यात चार डेसिबल वाढवले की लिमिटर जवळजवळ तेवढेच दाबून टाकायचा. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर गेलेला दिसायचा, ऐकू यायची ती नुसती गर्दी. शिवाय स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि गेलेला चढउतार काही परत येत नाही. चाल बांधताना लिमिटर बंद ठेवा. आणि गाण्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्या एका क्लिकवरच्या मास्टरिंगला पहिल्या दहा गाण्यांत हातही लावू नका.

माझे डोळे एका तबलजींनी उघडले. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते म्हणाले, "अंतऱ्याची पहिली ओळ मी वाजवतच नाही. बघू या." फक्त पेटी राहिली. गायिका आपसूक माइकच्या जवळ आली आणि जवळजवळ बोलल्यासारखी गायली. दुसऱ्या ओळीला नुसता दबका ठेका, ओळ परत येताना उठान, म्हणजे समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) नेणारा जोरकस तुकडा, आणि समेवर मुखडा. त्या मुखड्यात आम्ही काहीच वाढवलं नव्हतं, तरी खोली भरून गेली. "छान आहे" म्हणणारे ज्येष्ठ पुष्कळ भेटतात. "इथे वाजवू नका" म्हणणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा.

अंतऱ्याचा फेडर खाली ओढून मात्र हे साधत नाही. हळू गायलेल्या आवाजात श्वास असतो, धार कमी असते. जोरात गाऊन नंतर बारीक केलेला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. म्हणून चढउतार चालीत आणि शब्दांतच हवा: अंतरा खालच्या सुरांत सुरू करा, आणि जिथे उंच जायचंय तिथे 'आ'कार असलेला शब्द ठेवा, गळा मोकळा सुटतो.

जमत नसेल तर घाबरू नका, कान तयार व्हायला वेळ लागतोच. आणि हे आपल्याला अगदीच परकं नाही. वारकरी भजनात बुवा एकटे चरण म्हणतात तेव्हा टाळ दबके असतात, आणि धृपदाला सगळे टाळकरी एकदम तुटून पडतात. ते ऐकतच आपण वाढलो.

आता माझ्या वहीत प्रत्येक ओळीसमोर कोण वाजवतंय याच्या आधी कोण थांबलंय ते लिहिलेलं असतं. हातातल्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याला बासरी थांबवायला हवी, हे मला कळतंय. काल रात्री दोनदा काढली आणि दोनदा परत ठेवली.