दिवा चाळीस फुटांवर कोरडा, दोन फुटांवर ओला

तुमचा स्कूबा डायव्हिंगचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स झालाय, ॲक्शन कॅमेरा हातात आहे आणि पाण्याखालच्या शूटिंगसाठी बाजारात मिळणाऱ्या ट्रे-दिव्यांच्या किमती बघून "हे तर आपल्या लेथवर होतंय" असं वाटायला लागलंय, असं धरून लिहितोय. होतंय, खरंच होतंय. मी औसा तालुक्यातला. मामाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं. तरी गेली चार वर्षं मालवणला मी कॅमेरा आणि दिवे धरणाऱ्या, घरी बनवलेल्या सांगाड्यावरच शूटिंग करतो. त्याआधीची दोन वर्षं मात्र एका रबराच्या रिंगपायी गेली. तुमची तेवढी वाचावीत, एवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

ट्रेवर, म्हणजे कॅमेरा बसवायच्या फळीवर, फार वेळ घालवू नका. स्वयंपाकघरातला जाड पांढरा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड करवतीने कापा, दोन बाजूंना सायकलच्या मुठी लावा, झालं. कॅमेऱ्याच्या तळाचा बोल्ट पाव इंची असतो, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानातला पाव इंची बोल्ट बसतो. ६ मिमीचा बसल्यासारखा वाटतो आणि दोन फेऱ्यांत आटे खातो, तो लावू नका. दिवे धरणाऱ्या आर्मचे एक इंची बॉल आणि क्लॅम्प सरळ विकत घ्या. मी ते लेथवर करायच्या नादात सहा महिने घालवले आणि तरी दिवा पाण्यात मान टाकायचा. कॅमेऱ्याचं हाउसिंगही, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी, विकतचंच. गोप्रो नुसता १० मीटरपर्यंत चालतो, कंपनीच्या हाउसिंगमध्ये ६० मीटर. तिथे घरगुती प्रयोग करणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन.

आर्मसाठी पीव्हीसी पाइप चालतो, पण दोन्ही टोकांना भोकं पाडा. माझे पहिले आर्म मी सोल्यूशन लावून बंद केले होते. त्यातला एक हळूहळू पाणी प्यायला आणि डाइव्हच्या मध्यावर सगळा सांगाडा डावीकडे झुकला. घरी आलो तर मामा म्हणाला, "हवा कशाला कोंडायलास? मोटारीत आपण काय भरतो?" बोअरमधली मोटार विहिरीत सोडायच्या आधी तो तिच्यात चांगलं पाणी भरतो. वायंडिंगच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, त्यामुळे तिला पाण्याचं काही वाटत नाही. लहानपणापासून शंभर वेळा बघितलेलं ते, पण पाइप चिकटवताना आठवलं नाही. जिथे हवेची गरज नाही तिथे पाणी खुशाल येऊ द्या. हवा फक्त दिव्याच्या नळीत लागते.

आता त्या नळीकडे येतो. सावकाश वाचा.

ॲल्युमिनियमचा गोल बार आतून पोखरलेला, पुढे जाड ॲक्रिलिकची काच, मागे आट्यांचं झाकण, झाकणाच्या तोंडावर खाच आणि खाचेत ओ-रिंग, तीच ती रबराची रिंग. स्विचसाठी भोक नाही. आत चुंबक जवळ आला की चालू होणारा रीड स्विच आणि बाहेरून सरकणारा लोहचुंबक. एका लेथवाल्याकडून नळी करून घेतली. रिंगची जाडी ३ मिमी होती आणि त्याने खाच २.९ मिमी खोल काढली. मी विचारलं तर म्हणाला, "रिंग पूर्ण आत बसली पायजे न भाऊ, नाहीतर झाकण टेकणार कसं?" मला ते पटलं.

दिवाळीत आमच्या विहिरीला ४० फूट पाणी असतं. सेल न घालता, आत नुसता टिश्यू पेपर ठेवून, नळी दगडासोबत दोरीला बांधली आणि तळापर्यंत सोडली. तासाभराने काढली. टिश्यू कोरडा. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. तिन्ही वेळा कोरडा. ४० फूट म्हणजे १२ मीटर, आणि आम्ही मालवणला १० मीटरच्या खाली जाणारच नव्हतो. मी निर्धास्त झालो.

जानेवारीत बोटीवरून पाण्यात उतरलो. बाकीचे उतरेपर्यंत दहा मिनिटं शिडी धरून लाटांवर हलत होतो, दिवा पाण्याखाली जेमतेम दोन फूट. तिथेच तो मंद झाला, मग विझला. वर येऊन उघडायला लागलो तेवढ्यात इन्स्ट्रक्टर ओरडला, "तोंडासमोरून बाजूला घे!" मी नळी वळवली आणि शेवटच्या आट्याला झाकण सुटून फळीवर आदळलं. आत खारं पाणी, सेलच्या टोकाला पांढरी साय आणि नाकात बसणारा वास. खारं पाणी सेलला लागलं की वायू तयार होतो आणि बंद नळीत त्याचा दाब साठत जातो. माझा चेहरा त्या माणसाच्या एका हाकेने वाचला. पाणी शिरलेला दिवा कधीही तोंडासमोर धरून उघडू नका. अर्धा आटा फिरवा, थांबा, हवा निघू द्या, मग पुढचा आटा.

आता हे झालं कसं? ओ-रिंग दोन गोष्टींवर पाणी अडवते. एक म्हणजे झाकण आवळल्यावर रिंगला बसलेली चेप. दुसरी म्हणजे बाहेरच्या पाण्याचा दाब, जो रिंगला खाचेच्या आतल्या भिंतीवर ढकलून बसवतो. खोलवर दुसरी गोष्ट जोरात काम करते, म्हणून विहिरीच्या तळाशी माझी ढिली रिंगसुद्धा नीट बसत होती. वर, दोन फुटांवर, पाण्याचा दाब जवळपास नसतोच. तिथे सगळी मदार पहिल्या चेपेवर, आणि माझी चेप होती ०.१ मिमी. त्यात लाटांचे धक्के. विहिरीचं पाणी संथ, शिवाय दगडामुळे नळी वरच्या दोन फुटांतून क्षणात खाली गेली होती. मी खोलीची परीक्षा घेतली, उथळाची घेतलीच नाही.

३ मिमीच्या रिंगला खाच २.३ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद हवी. म्हणजे ०.७ मिमी चेप, साधारण २३ टक्के. रुंदी जास्त लागते, कारण रबर दाबल्याने आकसत नाही, नुसतं आकार बदलतं; त्याला बाजूला पसरायला जागा हवी. पाणी बाहेरून येतं, तेव्हा रिंग खाचेच्या आतल्या भिंतीला टेकलेलीच निवडा. झाकण आवळण्याआधी रिंग खाचेबाहेर डोकावताना दिसलीच पाहिजे. "पूर्ण आत बसली पायजे" म्हणणाऱ्याला व्हर्नियर हातात देऊन मापं लिहूनच द्या. आणि ग्रीस जास्त थापून गळती थांबत नाही. काळ्या नायट्राइल रिंगला सिलिकॉन ग्रीसचा चमकण्यापुरता हात द्या. रिंग पिळू नये, सरकावी, एवढंच त्याचं काम. जादा ग्रीसला केस आणि वाळूचा कण चिकटतो आणि एक केससुद्धा पुरतो.

उथळाची परीक्षा पंक्चरवाल्याची. थंड नळी बंद करा आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवा. आतली हवा फुगते. चेप कमी असेल तर झाकणाच्या कडेने बारीक बुडबुडे निघतात, ट्यूबचे निघतात तसेच, आणि नेमकी जागा सापडते. ते झालं की तासभर बादलीतच ठेवा आणि अधूनमधून ठोकत रहा. विहीर त्यानंतर. विहिरीत कायम दोरीनेच सोडा. दिवा तपासायला एकट्याने टाकी लावून विहिरीत उतरू नका, हे मी विनंती म्हणून सांगत नाही. आणि मोटारीचा स्टार्टर आधी बंद करा.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. "चालतंय की" म्हणणाऱ्याकडे शिकू नका. स्वतःचा बिघडलेला नग टेबलावर ठेवून इथून पाणी शिरलं असं दाखवतो, त्याच्याकडे शिका. ग्लू गनने पाच मिनिटांत दिवा करून दाखवणारे व्हिडिओ तर बघूच नका. त्यातला एकही दिवा दुसऱ्या डाइव्हला दिसत नाही.

घाबरू मात्र नका. खाच बरोबर झाल्यापासून माझ्या दोन नळ्यांत एक थेंब शिरलेला नाही. एवढा भाग सुधारला की बाकीचं डोळ्यांनीच कळत जातं. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून दिवा हवाच. पण तो कॅमेऱ्याच्या शेजारी लावला तर गढूळ पाण्यात समोर नुसते पांढरे ठिपके दिसतात. रात्री मळणी चालू असताना ट्रॅक्टरच्या सीटवरून पुढे बघितलंय? लाइटमध्ये भुसाच दिसतो, पलीकडचा माणूस दिसत नाही. तोच माणूस बाजूने बॅटरी मारली की स्पष्ट होतो. म्हणून दोन्ही आर्म लांब पसरा, दिवे किंचित बाहेर वळवा आणि झोताची नुसती कड माशावर येऊ द्या. मालवणचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, तिथे याचा फरक पहिल्याच शॉटला दिसतो. दिवा बोटीवर पेटवून दाखवत बसू नका. पाण्याबाहेर एलईडी तापते.

वजन विहिरीत जुळवलं असेल तर समुद्रात ते बदलेल. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड, म्हणजे सांगाड्याने व्यापलेल्या प्रत्येक लिटरमागे तो २५ ग्रॅम हलका होतो. विहिरीत किंचित बुडणारा सांगाडा समुद्रात वर ओढू लागतो. मी शिशाचे छोटे तुकडे आणि नायलॉनचे टाय सोबत ठेवतो. पोहायच्या मऊ फोमचे फ्लोट लावू नका, खाली गेलं की ते चेपतात आणि उचल संपते.

सांगाडा बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटला, लोखंडी कडीने थेट अडकवू नका. मध्ये दोरीचा फास ठेवा, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येतो. आणि रिकाम्या हाताने एका जागी तरंगत राहता येत नसेल तर कॅमेरा बोटीवरच राहू द्या. हे ऐकायला मला जड गेलं होतं. पहिल्या वर्षी मी स्क्रीन बघत बसलो, हवेचा काटा बघितला नाही आणि जोडीदाराची हवा घेत वर आलो. त्यानंतर वीस डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय केल्या. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तरंगण्यावरच चार दिवस घालवले तरी पैसे वसूल.

संध्याकाळी लॉजवर आलात की सगळा सांगाडा गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम पांढरं पडून आटे जाम होतात. मग रिंग बोटाने काढा, काडीने किंवा सुईने नको, खाचेला ओरखडा जातो. पुसून डबीत ठेवा. दाबलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिलेली रिंग चपटी होते, आणि मग खाच २.३ची असली तरी चेप परत ०.१वर येते.