मोअर लावायचं की ईआर?

आपल्या जळगाव-भुसावळकडं इंग्लिशमध्ये दोन गोष्टींची तुलना करताना एक हमखास ऐकू येतं, 'मोअर हॉटर', 'मोअर चीपर'. अरे भो, एकतर पुढं मोअर लावा नाहीतर मागं ईआर, दोन्ही एकदम नाही चालत. शब्द मोठ्यानं बोलून बघा आणि किती झटके बसतात ते मोजा. हॉट, चीप, एकच झटका, म्हणून हॉटर, हॉटेस्ट. ब्यू-टि-फुल, एक्स-पेन-सिव्ह, तीन झटके, तिथं सरळ मोअर आणि द मोस्ट. खरा घोळ दोन झटकेवाल्यांचा, त्यात शेवटी वाय असला तर स्पायसिअर, इझिअर, पण फेमस, युजफुल, बोरिंग असल्यांना मोअरच. सिंपल, क्लेव्हर दोन्हीकडून चालतात, तिथं डोकं खपवू नका. म्हणजे 'शेवभाजी इज स्पायसिअर दॅन भरीत', पण 'भरीत इज मोअर फेमस' (यावरून घरात भांडण झालं तर मी जबाबदार नाही). टायर्ड, बोअर्ड छोटे दिसतात तरी त्यांनाही मोअरच लागतं. आणि फरक लई मोठा दाखवायचा असला तर 'व्हेरी मोअर' नाही, 'मच मोअर एक्सपेन्सिव्ह' म्हणायचं, केळीच्या भावाबद्दल बोलताना कामात येईल. गुड-बॅडला यातलं काहीच लागू नाही, बेटर-बेस्ट, वर्स-वर्स्ट पाठच करून टाका.