स्मॅश की लूप? आधी फूटपट्टी उभी करा

शाळेतली 30 सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या आणि टेबल टेनिसच्या टेबलाच्या आपल्या कडेवर उभी धरा. नेट 15.25 सेंटिमीटर उंच, म्हणजे पट्टीच्या साधारण निम्मं. टेबल 2.74 मीटर लांब आणि नेट बरोबर मधोमध. पट्टीच्या टोकापासून नेटच्या वरच्या कडेला चिकटून दोरी ताणली, तर ती समोरच्या कडेवर टेकते. थोडक्यात, कडेपाशी उभं राहून बॉल सपाट हाणायचा, म्हणजे स्मॅश मारायचा असेल तर तो जवळपास फूटभर उंच हवा. गुरुत्वाकर्षण थोडी सूट देतं, पण जितक्या जोरात माराल तितकी ती सूट कमी. बॉल नेटजवळ असेल तर कमी उंची चालते, टेबलामागे सरकलात तर जास्त लागते.

कोथरूडला संध्याकाळी माझ्याकडे येणारी मुलं विचारत असतात, "ताई, स्मॅश कधी शिकवणार?" मी त्यांना ही पट्टी दाखवते. पट्टीच्या वरचा बॉल स्मॅशचा, खालचा टॉपस्पिनचा, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेनं फिरकी देणाऱ्या फटक्याचा. त्यालाच लूप म्हणतात. वर घासून मारलेला बॉल नेटवरून कमान करून जातो आणि पुढे झपकन खाली येतो, म्हणून खालच्या बॉलवरही जोर लावता येतो. जोर किती लावायचा हे आपल्या मनावर नाही, समोरून आलेल्या बॉलवर ठरतं.

उंचीनंतर बघायचं ते स्पिन, म्हणजे बॉलची फिरकी. समोरच्यानं पुश केलाय (बॉलखालून बॅट घासून हळूच ढकललाय), म्हणजे बॅकस्पिन, उलटी फिरकी आहे. गुडघे वाका, वजन उजव्या पायावर, बॅट गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली. तिथून कंबर फिरवत बॉलची मागची बाजू खालून वर घासा. बॅट कपाळासमोर थांबली पाहिजे. (डावखुऱ्यांनी पाय उलटा धरावा.) हात एकटा वर गेला आणि पाय सरळच राहिले, तर बॉल नेटमध्ये जातो. दर वेळी.

खरी गडबड होते ती पुढच्या बॉलला. तुम्ही सुंदर लूप मारता, समोरचा ब्लॉक करतो (नुसती बॅट पुढे धरून परतवतो), आणि तुम्ही परत तसंच खालून वर उचलता. बॉल टेबलाबाहेर! कारण ब्लॉक होऊन आलेल्या बॉलवर आता टॉपस्पिन आहे. त्याला उचलायचं नसतं. बॅट पुढे जास्त झुकवायची, मागे फार न्यायची नाही आणि बॉल उंचीला पोचताच पुढे मारायचा. पुशवर लूप, ब्लॉकवर पुढे ड्राइव्ह, एवढी जोडी मी महिनोन्‌महिने घोटून घेते. सामन्यातले कितीतरी गुण या दुसऱ्या फटक्यावर मिळतात किंवा जातात.

जोर पूर्ण लावूच नका. पूर्ण ताकदीनं मारलं की तोल पुढे जातो आणि परत आलेल्या बॉलला आपण तयार नसतो. मोठा फटका मारून झाल्यावरही पाय तयार स्थितीत येत असतील, तर जोर बरोबर होता.

मारायचं कुठे? समोरच्याच्या खेळत्या हाताच्या कोपराकडे. फोरहँड घ्यावा की बॅकहँड, यात त्याचा क्षण जातो. नाहीतर तिरका मारा: कोपऱ्यातून कोपऱ्यात टेबल सरळ रेषेपेक्षा सुमारे 40 सेंटिमीटर जास्त लांब मिळतं. सरळ लाइनवर मारण्याचा मोह बॉल अगदी उंच असेल तेव्हाच धरावा.

आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंचा सपाट फटका बघण्यासारखा असतो, आणि मला तो मनापासून आवडतो. पण ते 38 मिलिमीटरच्या बॉलवर घडले. 2000 साली बॉल 40 मिलिमीटरचा झाला, 2014 पासून प्लॅस्टिकचा आला. वेग आणि स्पिन दोन्ही थोडे उतरले, एका फटक्यात गुण मिळणं अवघड झालं. 2023 च्या जुलैत बालेवाडीला अल्टिमेट टेबल टेनिस या लीगचे सामने झाले, तेव्हा मी मुलांना एवढंच सांगितलं होतं: स्मॅश मोजा आणि टॉपस्पिन मोजा. टॉपस्पिन मोजताना बोटं पुरेनात.

सरावासाठी जोडीदाराला उंच-खाली, पुश-ब्लॉक असे मिसळून बॉल द्यायला सांगा. बॉल तुमच्या बाजूला टप्पा घेण्याआधी मोठ्यानं म्हणा, "लूप" किंवा "स्मॅश", आणि मगच मारा. उशिरा बोललात तर तो फटका धरायचा नाही, बॉल आत पडला तरी. बॅट मात्र साधी, पाच थरांच्या लाकडाची हवी. कार्बनची वेगवान बॅट घेऊन हे शिकू नका.

पावसाळ्यात पुण्यातल्या हॉलमध्ये हवा दमट होते, रबरावर ओल धरते आणि घासायला गेलं की बॉल घसरून नेटमध्ये पडतो. दोन-तीन गुणांनंतर रबर कोरड्या सुती रुमालानं पुसा. तरीही घसरत असेल तर घासणं कमी करून बॉल जरा जास्त थेट ठोकून मारा, आणि नेटवरून थोडा उंच काढा.