दंडावरचे खरखरीत दाणे: ऊन दाखवावं की झाकावं?

दंडाच्या बाहेरच्या बाजूवरून हात फिरवला की पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं लागतं. दाणे खसखशीएवढे. दुखत नाहीत, पिकत नाहीत, फार तर थंडीत थोडी खाज. मांडीच्या पुढच्या बाजूला, कुल्ल्यांवर आणि लहान पोरांच्या गालांवरही असतात. पिसं काढलेल्या कोंबडीची कातडी जशी दिसते, तशी ही कातडी दिसते. डॉक्टर याला केराटोसिस पिलारिस म्हणतात. गावात कोणी घामोया म्हणतं, कोणी अंगातली गरमी, आणि सल्ला मात्र एकच मिळतो: "ऊन लागू दे, आपोआप जाते."

उन्हाने हे जात नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तर ते आणखी उठून दिसतं. तरी हा सल्ला इतका पक्का का बसला, हे समजून घेतलं की पुढची काळजी नीट घेता येते.

दिवसाच्या उजेडात कातडी दोन बोटांनी ताणून एक दाणा जवळून पाहा. मधोमध केसाचं छिद्र दिसेल आणि त्यात मेणासारखा पांढरट खडा बसलेला. कधी त्या खड्याखाली बारीकसा केस वळकटी होऊन अडकलेला असतो. हा खडा केराटिनचा, म्हणजे नखं ज्या द्रव्याची बनतात त्याचाच. कातडीचा वरचा मेलेला थर झडून जायला हवा, तो न झडता छिद्राच्या तोंडाशी साचतो. हा कल घराण्यातून येतो; आई किंवा वडील दोघांपैकी एकाला असला तरी मुलात उतरू शकतो. वयात येताना वाढतो, पुढे वयाप्रमाणे बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो. संसर्ग नाही, घाण नाही, रक्तदोष नाही. त्यामुळे लग्न जमवताना पोरीचे दंड लपवायची गरज नाही आणि पोराला वेगळा टॉवेल देण्याचीही नाही.

उन्हाने बरं वाटतं, ते का?

पहिलं कारण गोऱ्या कातडीचं आहे. गोऱ्या अंगावर हे दाणे गुलाबी-लाल दिसतात. ऊन घेऊन कातडी तपकिरी झाली की लाल आणि गोरा यांतला फरक मिटतो आणि दाणे नजरेत भरत नाहीत. खडे मात्र जिथल्या तिथे असतात, हात फिरवला की कळतं. आपल्याकडे उलटं घडतं. सावळ्या कातडीवर दाण्याभोवतीची चिडलेली जागा काळी पडते आणि ऊन नेमका तोच काळेपणा गडद करतं. शिवाय ऊन लागलं की कातडी स्वतःला वाचवायला वरचा थर जाड करते. ज्या थरामुळे छिद्रं बुजतात तोच जाड होतो, मग फायदा कुठून व्हायचा?

दुसरं कारण हवामानाचं. थंडीत दाणे वाढतात, थंडी सरली की कमी होतात, आणि श्रेय उन्हाला जातं. खरं काम हवेतल्या ओलाव्याचं असतं. विदर्भात हे तपासून पाहायला सोपं आहे, कारण आपला उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात अंगण भाजून निघतं, ऊन भरपूर असतं. तरी दंड सगळ्यात मऊ लागतात ते पावसाळ्यात, म्हणजे ऊन कमी आणि ओल जास्त असते तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, वारा कोरडा सुटतो, आणि त्याच दिवसांत कढत पाण्याच्या अंघोळी चालू असतात. दाण्यांचा हंगाम तोच.

तिसरा समज असा की झाकलेल्या भागावरच दाणे येतात, म्हणजे उन्हाची कमतरता असणार. तसं नाही. दंड आणि मांडीवरची केसांची छिद्रंच या दोषाची असतात. उघड्याबंब हिंडणाऱ्या पोराच्या दंडावरही ते येतातच. ड जीवनसत्त्वासाठी शेतात जाता-येता लागतं तेवढं ऊन पुरे, त्यासाठी वेगळं अंग भाजायला बसू नये.

आधी खात्री करा

दाणे फक्त ऊन लागल्यावर काही तासांनी उठत असतील, तेही मनगटाच्या वर, मानेवर, गळ्याच्या उघड्या भागावर आणि खूप खाजत असतील, तर ती उन्हाची ॲलर्जी असू शकते. तिथे ऊन दाखवणं म्हणजे दुखण्याला खतपाणी. बोटांच्या बेचक्यात, कमरेला, रात्री जास्त खाज आणि घरात आणखी कोणाला तसंच होत असेल तर खरूज. दाणा पिवळा पिकला आणि दुखतो आहे, तर छिद्रात जंतू गेले आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट चुकवू नका. कोपर, गुडघे, कुल्ले यांवर काट्यासारखे टोकदार दाणे आहेत, डोळे कोरडे दिसतात आणि अंधार पडला की मूल अडखळतं, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस ९ व्या महिन्यात, दुसरा १६ ते १८ व्या महिन्यात आणि पुढे ५ वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळतो, एकूण ९. कार्डावर किती झाले ते आशाताईंकडून पाहून घ्या. घरच्या घरी जास्तीचा डोस पाजू नका, तो बाधतो. आणि कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तिथे स्पर्श कळत नाही, किंवा कानाच्या पाळीवर गाठी आल्या आहेत, तर हा लेख बाजूला ठेवा आणि कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. ती मोफत आहे, औषधही मोफत.

उन्हात जाताना

शेतकाम करणाऱ्याला ऊन टाळता येत नाही, झाकता येतं. क्रीमपेक्षा कापड भरवशाचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या आणि बाही बल्बसमोर धरून पाहा: उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ते कापड विरलं आहे, ऊनही तसंच आत जाईल. गडद रंगाचं, घट्ट विणीचं सुती कापड चांगलं. घामाने भिजलेलं पांढरं पातळ कापड कोरड्यापेक्षा जास्त ऊन आत सोडतं, म्हणून दुपारी बदलायला दुसरा शर्ट बांधावर ठेवा. बाही ढिली हवी. घट्ट बाही किंवा लेगिंग दिवसभर घासली तर दाणे लाल होतात.

अर्ध्या बाहीत जायचंच असेल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, एका हाताला साधारण एक छोटा चमचा, निघण्याच्या १५ ते २० मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. चिमूटभर चोळून त्याचा उपयोग नाही.

उन्हासोबत घातक ठरणाऱ्या तीन वस्तू आपल्या घराशेजारीच असतात. कागदी लिंबू: त्याचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात आणि रस जिथून ओघळला त्या रेषेत काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. बावचीचं तेल: कोडावर ते उन्हासोबत वापरतात हे खरं, पण दाण्यांवर लावून उन्हात बसलं तर भाजल्याशिवाय काही होत नाही. आणि बिब्बा, त्याला तर ऊनही लागत नाही, नुसत्या तेलानेच कातडी जळते. संत्र्याच्या वाळल्या सालीची भुकटी एवढी वाईट नाही, पण ती घासून दाणा निघत नाही, चिडतो.

खरा उपाय: भिजवा, मऊ करा, थांबा

अंघोळ कोमट पाण्याने, १० मिनिटांत उरका. हिवाळ्यात हंड्यातलं कढत पाणी बरं वाटतं, पण ते कातडीचं तेल धुऊन नेतं. साबण काखेत, जांघेत आणि पायांना लावा. दंड-मांडीला सौम्य साबण, तोही रोज नको. कपड्याचा साबण अंगाला बिलकूल नाही. वजरी किंवा दगडाने घासू नका. घासून दाण्याचं डोकं उडतं, खडा खालीच राहतो आणि वर काळा डाग पडतो. नखाने खडा काढण्याचंही तेच. ओलं सुती फडकं हलक्या हाताने फिरवलं तरी पुरे.

टॉवेलने टिपून घ्या, पुसून कोरडं करू नका. अंग थोडं ओलं असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. पहिले दोन आठवडे १० टक्के युरिया असलेलं क्रीम रात्री एकदा. सोसलं तर पुढे २० टक्के युरिया, किंवा १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन. नवीन ट्यूब आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर जागेत दोन रात्री लावून पाहा. किंचित चुरचुर चालते. जळजळ, लाली राहिली तर धुऊन टाका आणि साध्या पेट्रोलियम जेलीवर परत या. चिरलेल्या, खरचटलेल्या किंवा नुकत्याच केस काढलेल्या जागेवर ही क्रीमं लावू नयेत. लहान मुलांच्या गालांना फक्त साधं मॉइश्चरायझर. खोबरेल तेल ओलावा धरून ठेवतं, म्हणून वाईट नाही, पण खडा विरघळवायचं काम ते करत नाही.

किती लावायचं यात बहुतेक जण चुकतात. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली एक रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. प्रत्येक दंडाला एक रेघ, प्रत्येक मांडीच्या पुढच्या भागाला दोन. रोज सहा रेघा, म्हणजे ३ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब १० दिवसांत संपते. ती महिनाभर पुरत असेल तर तुम्ही कमी लावता आहात. मोठं पॅक स्वस्त पडतं, तेच घ्या.

लॅक्टिक ॲसिडने कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून ते रात्रीच. फवारणीच्या दिवसांत आणखी जपा. क्रीममधला युरिया आणि ॲसिड दोन्ही कातडीतून फवारणीचं औषध आत शिरायला वाट मोकळी करतात, आणि खरवडलेली कातडी तर उघडं दारच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते विष श्वासासोबत कातडीतूनही अंगात जातं. फवारायच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी हे क्रीम लावू नका, घासूही नका. फवारणीनंतर साबणाने स्वच्छ अंघोळ, धुतलेले कपडे, मग पुन्हा सुरू करा.

खरखर चार ते सहा आठवड्यांत कमी होते. काळे ठिपके त्यानंतरही अनेक महिने राहतात, आणि मधे एक दुपार उघड्या दंडांनी तूर कापली की पुन्हा गडद होतात. क्रीम सोडलं की दाणे हळूहळू परततात, म्हणून मऊ झाल्यावर आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवा. हिवाळा लागण्याआधी, साधारण दिवाळीपासून, पुन्हा रोज.

मेडिकलमधून सांगून आणलेली ‘खाजेची ट्यूब’ उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली दोन दिवस दबते, पण कातडी पातळ होते, आणि शेजारी नायटा असेल तर तो पसरतो. या दाण्यांना ते स्वतःहून लावू नका.

तीन महिने नेमाने करूनही फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ अडापलिन किंवा ट्रेटिनॉइनचं मलम देतात. ही औषधं रात्रीची, उन्हाला हळवी करणारी, आणि गरोदर बाईने किंवा मूल ठरवत असलेल्या बाईने टाळायची. तपासणीच्या वेळी हे आपणहून सांगा. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि सेवाग्रामला त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा खोक्यांसकट न्या, त्या सकाळी दंडाला काहीही लावू नका, आणि बाही सहज वर जाईल असा शर्ट घाला.