घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर

गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधताय किंवा दुसऱ्याने बांधलेलं विकत घेताय, तर हे पहिल्या टेकऑफच्या आधी वाचा. इंजिन बंद पडल्यावर विचार करायला वेळच मिळत नाही, त्यातलं निम्मं काम जमिनीवरच उरकून ठेवावं लागतं.

सुरुवात पेट्रोलपासून. होमबिल्टमध्ये टाकी, पाइप, पंप, फिल्टर सगळं आपणच जोडलेलं असतं, त्यामुळे फ्युएल फ्लो टेस्ट, म्हणजे इंजिनापर्यंत मिनिटाला किती पेट्रोल पोचतं ते मोजणं, करायचीच करायची. उघड्यावर, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवून, चढताना नाक जितकं वर असतं तितकं वर करा, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडून डब्यात धरा, पंप आणि स्टॉपवॉच दोन्ही चालू. टेकऑफला जेवढं लागतं त्याच्या 125 टक्के पडलं पाहिजे, पंप नसेल आणि नुसतं वरून खाली वाहत असेल तर 150 टक्के. माझं इंजिन रोटॅक्स 912 यूएलएस, ते टेकऑफला तासाला 27 लिटर पितं, म्हणजे मिनिटाला 560 मिली तरी हवं होतं आणि पडलं 430. टाकीच्या तोंडाची जाळी काढली तर सीलंटची नखाएवढी साल अडकलेली, मीच लावलेलं सीलंट. आणि हेच इंजिन जमिनीवर मस्त चालत होतं बरं का, कारण तिथे त्याला एवढं पेट्रोल लागतच नाही!

मग फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी मूठ. पट्टे आवळून बसा, डोळे मिटा आणि टाकी बदलून बघा, मान न वळवता हात पोचला पाहिजे. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरीजवळ गेले ते होमबिल्ट लाँग-ईझीमध्ये. बांधणाऱ्याने सिलेक्टर मूळ डिझाइनप्रमाणे दोन पायांमध्ये न बसवता डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीच्या निष्कर्षानुसार तिथे हात नेताना त्यांचा पाय नकळत उजव्या रडर पेडलवर दाबला गेला आणि विमान ताब्यातून गेलं. पेट्रोलही कमी घेतलं होतं. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, विमान घेतलं की आधी सिलेक्टर कुठे आहे, गेजवर खुणा नीट आहेत का ते बघा.

आता हवेतलं. टेकऑफनंतर इंजिन गेलं की पहिलं काम स्टिक पुढे, मनाला पटत नसलं तरी. चढताना नाक वर असतं, स्पीड तीन-चार सेकंदांत उतरतो आणि स्टॉल समोर येतो, म्हणजे पंख विमानाला उचलून धरेनासे होतात. नाक खाली, बेस्ट ग्लाइड स्पीड (इंजिनशिवाय सगळ्यात लांब तरंगत जाता येईल तो वेग), आणि समोर जे मिळेल तिथे, फार तर थोडं डावी-उजवीकडे. रनवेवर परत वळायचा मोह खूप होतो, पण ते वळण नुसतं 180 अंशांचं नाही, रनवेच्या रेषेवर यायला त्याच्या पुढे वळून परत उलटं यावं लागतं. शिवाय वळताना 45 अंश बँकला, म्हणजे विमान तेवढं कलवलं की, स्टॉल स्पीड 19 टक्के वाढतो, 60 ला 41 टक्के. असं मागे वळायला आपल्या विमानाला किती उंची लागते हे 4000 फुटांवर जाऊन मोजा, थ्रॉटल ओढल्यावर चार सेकंद काहीच करायचं नाही कारण खऱ्या वेळी माणूस तेवढा गोंधळतोच, मग वळा आणि आलेल्या आकड्यात अजून निम्मा मिळवा. त्याच्या खाली मागे वळायचं नाही, हे टेकऑफच्या आधी दर वेळी मोठ्याने बोला.

उंची असेल तर रीस्टार्ट: दुसरी टाकी, बूस्ट पंप, मिक्स्चर असेल तर रिच (पेट्रोल जास्त), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), इग्निशन दोन्ही. हात एकाच क्रमाने फिरला पाहिजे. मेडे, म्हणजे रेडिओवरून मदतीची हाक, 121.5 या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर, पण नंतर, विमान आधी.

अर्धवट पॉवर गेली तर मला जास्त भीती वाटते. ऑस्ट्रेलियात अपघातांचा तपास करणाऱ्या एटीएसबीने 2000 ते 2010 च्या घटना तपासल्या, सिंगल इंजिन विमानांत टेकऑफच्या सुमारास अर्धवट पॉवर जाण्याच्या 242 आणि पूर्ण बंद पडण्याच्या 75. जीवघेणे अपघात पहिल्यात 9, दुसऱ्यात एकही नाही. इंजिन थोडं ओढतंय म्हणून माणूस आशेवर राहतो, वळत राहतो, स्पीड घालवतो. ते कधीही बंद पडेल असं धरूनच उतरायची जागा निवडा.

शेत निवडताना नांगरलेलं असेल तर तासांच्या दिशेने उतरा, आडवं नको. तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधा. वाऱ्याच्या तोंडावर उतरा, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी राहतो, कारण तो वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते. फ्लॅप विजेवर चालत असतील तर आधी फ्लॅप, मग मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. पेट्रोल बंद, इग्निशन बंद, कॅनोपीची (डोक्यावरच्या काचेच्या झाकणाची) कडी आधीच सोडायची की नाही ते आपल्या डिझाइनचं बघून आधीच ठरवा, पट्टे करकचून. आणि शेवटपर्यंत उडवत राहा, पंख झाडाला लागून तुटले तरी चालतील, केबिन सरळ आणि हळू टेकली पाहिजे. चार वर्षं एकेक रिव्हेट मारलेलं असतं, जीव अडकतो हे मला माहीत आहे, पण टेकऑफला चाकं सुटली तेव्हाच ते विमान इन्शुरन्सचं झालं असं धरा.

थांबलं की लगेच बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब. फोन खिशात ठेवूनच उडा, आत राहिला तर आणायला परत जायचं नाही.