तासांची वही: छोटा धंदा कमी दमछाकीत चालवण्याची पद्धत

धंद्यातील धावपळ कमी करायची असे ठरवणारा माणूस बहुधा पहिल्याच आठवड्यात चुकतो, कारण तो सर्वांत आधी सुट्टी जाहीर करतो. सुट्टी ही शेवटची पायरी आहे. आपले तास नेमके कुठे जातात आणि त्यांतला कोणता तास पैसे आणतो, हे त्याआधी कागदावर यावे लागते. बेळगावच्या उद्यमबागेत माझे छोटे मशीन शॉप असून फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, टर्निंग, बोअरिंग आणि ड्रिलिंग आम्ही जॉबवर्कवर (माल गिऱ्हाइकाचा, मजुरी आमची) करतो. सकाळी आठ ते रात्री दहा शेड उघडी ठेवून आणि रविवारचाही अर्धा दिवस मोडून वर्षाअखेर हाती काय उरते, हे एकदा शांतपणे पाहिल्यावर मी ही वही सुरू केली. पद्धत मशीन शॉपची असली तरी शहापूर-वडगावचा यंत्रमागवाला, खडेबाजारातील कापड दुकानदार किंवा निपाणीचा गॅरेजवाला यांना ती थोड्या फरकाने वापरता येईल.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, आणि २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची ९० तासांची भाषा गाजली. आमच्या शेडमध्ये ७० तास ही नवी गोष्ट नव्हतीच, त्यामुळे त्या वादाचे मला फारसे अप्रूप वाटले नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास वाचून मी थांबलो. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात म्हटले आहे.

चार आठवड्यांची नोंद

शाळकरी दोनशे पानी वही घ्यावी आणि ती मशीनजवळ ठेवावी. प्रत्येक कामासाठी पार्टीचे नाव, सेटिंगला (मशीनवर काम लावायला) लागलेला वेळ, प्रत्यक्ष मशीन चाललेला वेळ, तपासणीचा वेळ, रिजेक्शन झालेले नग आणि त्या पार्टीसाठी आपण स्वतः घातलेला वेळ लिहावा. या शेवटच्या रकान्यात माल आणायला मारलेली फेरी, फोनवरची चर्चा आणि बिलासाठी घातलेले हेलपाटे येतात, आणि हाच रकाना लिहायचा कंटाळा येतो. नोंद दिवसाअखेर आठवून करू नये, काम संपताच करावी. आठवून लिहिलेल्या वहीत आवडत्या पार्टीचे तास आपोआप कमी पडतात, हे मी स्वतःच्याच वहीत पकडले आहे. चार आठवड्यांपेक्षा कमी नोंद घेऊन उपयोग होत नाही, कारण महिन्याच्या शेवटी येणारी घाई त्यात सापडत नाही.

दुकानदाराने यंत्राच्या तासांऐवजी गिऱ्हाईक कोणत्या वेळी येते आणि कोणत्या तासाला गल्ल्यात किती पडते, एवढे लिहिले तरी पुरे.

हिशेब कसा मांडावा

इथे एक फसवी जागा आहे. समजा, भाडे, पगार, वीज, टूल आणि कर्जाचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ७०,००० रुपये आहे आणि महिन्यात मशीनचे २०० तास नियमित चालतात. म्हणजे एका तासाचा खर्च ३५० रुपये झाला. एखादी पार्टी मशीनच्या ६० तासांसाठी १२,००० रुपये देत असेल, तर तिचा दर तासाला २०० रुपये पडतो. हे पाहून लगेच त्या पार्टीला नारळ द्यावासा वाटतो. पण ती गेली म्हणून भाडे कमी होत नाही की बँकेचा हप्ताही थांबत नाही. ते ६० तास रिकामेच राहणार असतील, तर हलक्या दराचे कामही भाड्याला हातभार लावत असते.

म्हणून खरा प्रश्न असा विचारावा, की हे काम नियमित तासांत होते की ओव्हरटाईममध्ये. कामगाराचा ताशी पगार ८० रुपये असेल, तर जादा तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट म्हणजे १६० रुपये द्यावे लागतात, आणि वीज व इन्सर्टचे (धातू कापणाऱ्या पात्याचे) ५० रुपये धरले तर तो तास २१० रुपयांना पडतो. पार्टी देते २००. म्हणजे रात्री दहापर्यंत थांबून आपण तासाला दहा रुपये पदरचे घालत असतो, आणि त्यात मालकाचा स्वतःचा वेळ धरलेलाच नाही. माझ्या वहीत अशी तीन कामे निघाली. तिन्ही पार्ट्यांना मी चांगले गिऱ्हाईक समजत होतो, कारण त्यांचे फोन सर्वांत जास्त यायचे.

सीमेपलीकडच्या कामाचा वेगळा रकाना

महाराष्ट्रातील शिनोळी आमच्या शेडपासून पंधरा-वीस मिनिटांवर, पण राज्य वेगळे. दुसऱ्या राज्यातील पार्टीने जॉबवर्कसाठी माल पाठवला, तर त्याची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागते. एरवीची ५०,००० रुपयांची मर्यादा तिथे लागू होत नाही. कोल्हापूरच्या मोठ्या लॉटसाठी ही कागदपत्रे करणे परवडते, पण टेम्पोच्या कोपऱ्यात मावणाऱ्या दहा नगांसाठी तेवढाच खटाटोप करण्यात अर्धी सकाळ जाते. त्यामुळे सीमेपलीकडच्या पार्टीशी महिन्यातून ठरावीक दोन दिवशीच माल आणण्या-नेण्याचे बोलून घ्यावे. व्यापाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जीएसटीची कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) कागदपत्रांच्या दृष्टीने कितीही सोपी असली तरी ती घेतलेल्याला परराज्यात माल विकून पाठवता येत नाही. चंदगड, गडहिंग्लजकडच्या दुकानांना माल पुरवणाऱ्याने ती घेण्याआधी आपल्या कर सल्लागाराशी बोलावे. ज्यांची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे त्यांना नियमित नोंदणीतही तिमाही विवरणपत्राची सोय आहे. दर महिन्याचा तो एक ताप तरी तिने कमी होतो.

नकार आणि दर

तोट्यातील पार्टीला एकदम काम बंद करतो असे सांगू नये. आधी नवा दर सांगावा, तोही लेखी, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनचा. माझ्या तीन पार्ट्यांपैकी एकीने कुरकुर न करता दर वाढवून दिला, एक दुसऱ्या शेडकडे गेली, आणि तिसरीने सहा महिने जुन्याच दराने बिल मंजूर करत राहून शेवटी मलाच काम थांबवायला लावले. तातडीच्या कामाला वेगळा दर असावा. “ओ मालक, उद्या सकाळी पाहिजेच बघा ओ,” असे रोज सांगणाऱ्याला उद्याचा दर दीडपट असल्याचे कळले, की निम्मी कामे परवावर चालतात असे दिसून येते.

अडकलेला पैसा

धावपळीचे मोठे मूळ उधारीत असते. जुने बिल अडकले म्हणून पगाराच्या सोयीसाठी मिळेल ते नवे काम घ्यावे लागते, आणि त्या कामाचे बिलही पुन्हा अडकते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती ऑनलाइन आणि मोफत होते, आणि माल देण्याआधीच ती करून ठेवावी. नोंदणी क्रमांक आणि देय तारीख प्रत्येक बिलावर छापावी. रोजच्या पार्टीविरुद्ध तक्रार करायला कोणी सहसा धजत नाही, मीही केलेली नाही. पण बिलावरची ती एक ओळ पार्टीच्या हिशेबनिसाला आपले बिल गठ्ठ्यात वर ठेवायला भाग पाडते, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या मशीनचा मोह

काम वाढले की नवे सीएनसी (संगणकावर चालणारे मशीन) घ्यावे, असे शेजारचे शेडवाले, मशीन विकणारे आणि कधी कधी घरचेही सुचवतात. माझ्या मते उद्यमबागेतील बहुतेक रात्रपाळ्या कामासाठी चालत नाहीत, हप्त्यासाठी चालतात. नवे मशीन घेण्याआधी त्याचा हप्ता नियमित तासांत, आज हातात असलेल्या कामातून निघतो का, हे वहीतील आकड्यांवर तपासावे. उद्या मिळेल अशा कामाचा त्यात समावेश करू नये. मी मशीन न घेता जास्तीचे ड्रिलिंग शेजारच्या शेडला द्यायला सुरुवात केली. त्यात नफा थोडा कमी झाला, पण रात्री दिवे बंद झाले.

वेळ आणि सुट्टी

एवढे झाल्यावरच शेडची वेळ ठरवावी. आमची आता साडेआठ ते साडेसहा असून रविवार पूर्ण बंद असतो. वेळेची पाटी कन्नडमध्ये वर आणि मराठीत खाली लावावी, म्हणजे माल घेऊन येणाऱ्या कोणत्याही ड्रायव्हरला बंद शटर वाजवत बसावे लागत नाही. सातनंतर आलेल्या फोनला सकाळी साडेआठला उत्तर द्यावे. पहिले पंधरा दिवस लोक रागावतात.

वार्षिक बंद मात्र आपल्या सोयीने न ठरवता कामगारांच्या शेतीकडे पाहून ठरवावा. माझे दोन ऑपरेटर खानापूर तालुक्यातले आहेत. भाताच्या लावणीला आणि पुढे सुगीला ते गावी जाणार हे मला दरवर्षी माहीत असायचे, तरी मी त्या आठवड्यांत माल देण्याचे शब्द देऊन ठेवायचो आणि मग स्वतः मशीनवर उभा राहायचो. आता जुलैतील त्या आठवड्याची तारीख मी मे महिन्यातच सगळ्या पार्ट्यांना लेखी कळवतो, आणि शेड बंद असताना मशीनचे ऑइल बदलणे, बेल्ट तपासणे आणि पावसाने गळणारा पत्रा दुरुस्त करणे ही कामे उरकून घेतो.