१५२ किलोंचे कथानक

नागपुरात बसून स्कॉटलंडमधील ऐतिहासिक वस्तूच्या शोधाची साहसकादंबरी लिहावयाची असेल, तर पात्रांची नावे ठरवण्याआधी त्या वस्तूचे वजन निश्चित करावे. स्कॉटलंडच्या राजांच्या राज्याभिषेकाच्या 'स्टोन ऑफ डेस्टिनी' या शिळेचेच उदाहरण घ्या. वालुकाश्माच्या या ठोकळ्याचे वजन सुमारे १५२ किलो, म्हणजे इतवारीतला हमाल पाठीवर घेतो तशी ५० किलोंची तीन पोती. एकदा तेथे जाऊन एका पोत्याला हात घालून पाहावा. नायक शिळा खांद्यावर टाकून धावला, असे वाक्य त्यानंतर लिहवत नाही.

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये स्कॉटलंडमधील स्कोनच्या मठातून नेलेली ही शिळा २५ डिसेंबर १९५० च्या पहाटे चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवली, तेव्हा राज्याभिषेकाच्या आसनाखालून काढताना तिचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा कोटावर ठेवून फरफटत न्यावा लागला आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या मोटारींतून गेले. शिळा तुटली म्हणून वाटा फुटल्या, आणि कथानकाला हवी असते ती हीच फूट. या मुलांनी एवढी जोखीम का पत्करली, हे समजावण्यात मात्र पाने खर्ची घालू नयेत. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने घेतली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते न सांगता कळते.

स्कोनच्या मठातील भिक्षूंनी खरी शिळा लपवून एडवर्डला तोतया शिळा दिली, ही दंतकथा आयतीच हाती येते. ती जरूर वापरावी. परंतु भूवैज्ञानिकांच्या मते सध्याची शिळा स्कोन परिसरातल्याच दगडाची आहे, म्हणून तोतयाचा पुरावा केवळ दगडाच्या जातीवर उभा करू नये.

पाठलाग डिसेंबरात असेल तर एडिंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, नागपूरसारखा अकरा तासांचा नव्हे, याचे भान ठेवावे.

वस्तू शेवटी कोठे ठेवायची, हे सर्वांत अवघड. विद्यार्थ्यांच्या बाजूने एप्रिल १९५१ मध्ये ती आर्ब्रोथच्या ॲबीत ठेवली गेली. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा १३२० चा जाहीरनामा त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो. तेथून शिळा पुन्हा वेस्टमिन्स्टरला नेली गेली; १९९६ मध्ये ती अधिकृतपणे स्कॉटलंडला परतली आणि २०२४ पासून स्कॉटलंडमधील पर्थच्या संग्रहालयात आहे. कथा आजच्या काळात घडवायची असल्यास पहिल्या प्रकरणाचा पत्ता तोच.